प्रशिक्षित दाईच्या ज्ञानाची परीक्षा : कांहीं पाठविचार

प्रस्तुत लेखाचा विषय त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटण्याचा संभव आहे. जेथें शिलालेख, ताम्रपट, बखरी व महजर यांची चर्चा होते त्या पृष्ठांवर सुइणीचें काय काम, असें कोणी विचारल्यास आम्ही त्यास दोष देणार नाहीं. परंतु जी विद्या सहस्रावधि वर्षें अखंड चालली, आणि जिच्या जाणत्या स्त्रियांनीं तिच्यावर क्वचितच कांहीं स्वतः लिहून ठेविलें, तिचा माग काढणें हें संशोधकाचेंच काम होय. कल्याणाहून कर्जतच्या वाटेवर लागोपाठ वसलेलीं उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन गांवें आम्हीं येथें दृष्टीसमोर ठेविलीं आहेत. तेथील प्रशिक्षित दाईंस गर्भिणी व बाळंतीण यांच्या संगोपनाचें ज्ञान किती आहे हें मोजावयाचें झाल्यास प्रश्न कोणते विचारावे, आणि मिळालेलीं उत्तरें कोणत्या पुस्तकाशीं ताडून पाहावीं, एवढाच विचार करावयाचा आहे. आमचें म्हणणें असें कीं, हा प्रश्न वैद्यकाइतकाच पाठचिकित्सेचाही आहे. भलत्या प्रतीशीं उत्तर ताडल्यास जाणती स्त्री अडाणी ठरते, आणि केवळ पाठांतर केलेली स्त्री जाणती ठरून तिच्या हातीं दुसरीचा जीव सोंपविला जातो.

प्रथम शब्दांकडे पाहूं. 'सुईण' हा शब्द प्रसवार्थक 'सू' धातूच्या कुळांतला. सूति, सूतिका, प्रसूति हे त्याचेच आप्त. 'दाई' हा शब्द मात्र फारशी 'दायह्' याच्याशीं जोडलेला असून त्याचा मूळ अर्थ अंगावर पाजणारी असा आहे. संस्कृत 'धात्री' आणि हा शब्द यांचें नातें बहिणीबहिणींचें, कारण दोहोंच्या मुळाशीं पिणें-पाजणें ह्याच अर्थाचा धातु आहे. म्हणजे सरकारी कागदांत जिला दाई म्हटलें गेलें तिला स्वतःच्या कामाचें नांव न मिळतां दुसरीच्याच कामाचें नांव मिळालें.

ही केवळ शब्दांची गंमत नव्हे. चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत धात्रीची परीक्षा सविस्तर दिली आहे : तिचें वय, शील, प्रकृति, तिचे स्तन, इतकेंच काय पण तिचें दूध पाण्यांत टाकल्यावर कसें मिसळतें हेंही पाहावयास सांगितलें आहे. त्याच अध्यायांत प्रसूतिसमयीं जवळ असावयाच्या स्त्रियांचा उल्लेख येतो. पण त्यांस परीक्षा नाहीं, केवळ लक्षणें आहेत. त्या अनेकदां प्रसूत झालेल्या असाव्या, स्वभावतः मायाळू असाव्या, न खचणाऱ्या व कष्ट सोसणाऱ्या असाव्या, आणि प्रतिपत्तींत कुशल असाव्या. सुश्रुताच्या शारीरस्थानांत दहाव्या अध्यायीं अशा चार स्त्रिया सांगितल्या असून त्या प्रौढ वयाच्या, प्रसूतिकर्मांत निपुण व नखें कापलेल्या असाव्या, अशी अट आहे. नखांची अट सुश्रुतानें घालावी हें शल्यतंत्राच्या आचार्यास शोभतेंच. पण आमचें लक्ष वेधतो तो चरकाचा 'प्रतिपत्ति' हा शब्द. प्रतिपत्ति म्हणजे पाठ केलेलें ज्ञान नव्हे; समोर आलेल्या प्रसंगीं आतां काय करावयाचें हें तत्काळ उमजणें. शास्त्रकारांनीं सुइणीच्या ठायीं हा गुण मागितला, परंतु तो मोजावा कसा हें सांगितलें नाहीं. ती उणीव अजून पुरी भरून निघाली आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

त्याच अध्यायांतील एक वाद येथें नमूद करण्यासारखा आहे. कळा सुरू झालेल्या स्त्रीनें मुसळ हातीं घेऊन धान्य कांडावें, मधून मधून जांभई द्यावी व फिरावें, असें कांहींचें मत होतें. भगवान् आत्रेयांनीं त्यांतील मुसळाचा भाग नाकारला. गर्भिणीस दारुण व्यायाम सदैव वर्ज्य, प्रसूतिकाळीं तर विशेषच, हें कारण दिलें. जांभई व फिरणें मात्र कायम ठेविलें. पुढें कळ नसतां जोर करूं नये, तसा जोर व्यर्थ जातो व अपायकारक होतो, असेंही सांगितलें आहे. आजची परिचारिकाही गर्भाशयाचें मुख पुरतें उघडण्यापूर्वीं जोर करूं देत नाहीं. ग्रंथांत जें आहे तें सर्वच ग्राह्य, असें मात्र कोणी समजूं नये. अडलेली वार पाडण्यासाठीं नाभीच्या वर जोरानें दाबून स्त्रीस हलवावें, टांचेनें कटि दाबावी, वेणीच्या केसांनीं घसा चाळवावा, हे त्याच अध्यायांतील उपाय आज कोणी सुज्ञ मनुष्य करूं देणार नाहीं. प्राचीनांची स्तुति करावयाची तर ती निवडून करावी.

ह्या संहिता आणि आधुनिक प्रसूतिशास्त्र हीं दोन्ही एका टेबलावर ठेवून वाचण्याचा एक आरंभीचा यत्न ह्याच परिसराशीं संबंध असलेल्या स्त्रीनें केला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचें बालपण कल्याणास गेलें. चौदाव्या वर्षीं त्यांस पुत्र झाला व तो दहा दिवसांत गेला. पुढें फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनीं पदवीसाठीं जो प्रबंध सादर केला त्याचा विषय 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र' हा होता. पदवी १८८६ च्या मार्चांत मिळाली. १८८७ च्या फेब्रुवारींत त्या पुण्यास वारल्या. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हें सांगणें अवश्य आहे कीं, त्या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींचे प्रबंध फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहांत जतन झाले असून आनंदीबाईंचाही त्यांत आहे. आपल्याकडे आनंदीबाईंचें चरित्र घरोघर माहीत आहे. त्यांचा प्रबंध वाचलेले गृहस्थ फार थोडे.

असो. आतां 'प्रशिक्षित' ह्या विशेषणाचा इतिहास. १८८५ मध्यें लेडी डफरिन यांच्या नांवानें स्त्रियांस वैद्यकीय साहाय्य देण्याचा निधि स्थापन झाला. दाईंच्याच शिक्षणासाठीं म्हणून लेडी कर्झन यांनीं १९०३ मध्यें व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ति निधि उभारला, आणि त्याच्या पंधरा वर्षांच्या कामाचा वृत्तान्त १९१८ मध्यें प्रसिद्ध झाला. ह्या वृत्तान्ताचा उपयोग करणाऱ्यानें एक गोष्ट विसरूं नये. त्यांतील साक्षी बहुतेक डॉक्टरिणींच्या आहेत, आणि डॉक्टरिणीकडे जी बाळंतीण पोहोंचत असे ती दाईच्या हातून बिघडलेली असे. सुखरूप सुटलेली त्यांच्या दाराशीं कशाला जाईल? त्यामुळें वृत्तान्तांतील एकेक प्रसंग खरा असूनही सर्वांचें मिळून होणारें चित्र एकांगी आहे. १९२७ सालीं मिस मेयो यांनीं आपल्या कुप्रसिद्ध पुस्तकांत ह्याच वृत्तान्तांतून उतारे घेतले, तेव्हां तर तें अधिकच एकांगी झालें. दुसऱ्या बाजूनें, त्या पुस्तकावर रागावून दाईच्या हातून कांहीं वाईट होतच नव्हतें असें प्रतिपादणारे आपले लोकही तितकेच चुकले. १९४३ सालीं नेमलेल्या भोर समितीनें १९४६ च्या अहवालांत प्रसूतिसंबंधीं कारणांनीं दरसाल सुमारें २ लक्ष स्त्रिया मरतात असा अंदाज दिला, आणि साऱ्या देशांत शिकलेल्या सुइणी अवघ्या ५,००० च्या घरांत दाखविल्या. अशा स्थितींत गांवच्या दाईस शिकवून घेण्यावांचून दुसरा तरणोपाय नव्हता.

हें शिक्षण व्यापक प्रमाणावर झालें तें १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेपासून. त्याचें स्वरूप आम्ही थोडें विस्तारानें देतों, कारण परीक्षेचा सारा आधार तेंच आहे. शिक्षण कामाच्या ३० दिवसांचें असे. आठवड्यांतून दोन दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रांत वा उपकेंद्रांत पाठ होत, उरलेले चार दिवस दाईनें परिचारिकेबरोबर गांवांत फिरावयाचें. परिचारिकेच्या देखरेखीखालीं निदान दोन बाळंतपणें तिनें स्वतः करावयाचीं. ह्या मुदतींत ३०० रुपये विद्यावेतन, शेवटीं प्रमाणपत्र व साहित्याची पेटी, आणि पुढें नोंदविलेल्या प्रत्येक बाळंतपणामागें १० रुपये. शिक्षणाचा गाभा पुढें पांच स्वच्छतांत बांधला गेला : हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातें स्वच्छ, दोरा स्वच्छ, आणि नाळ स्वच्छ, म्हणजे तिच्यावर शेण, राख, कुंकू कांहींही न लावणें. इतक्या साध्या गोष्टीचें मोल काय हें धनुर्वातानें मेलेल्या बालकांच्या आयांस विचारावें. हा रोग बहुधा जन्मानंतर तिसऱ्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत प्रकटतो. आपल्याकडे पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाईची पूजा करून जागतात, तो काळ ह्या मर्यादेंतच पडतो. पूजेचा उगम रोगांत आहे असा सिद्धान्त आम्ही मांडीत नाहीं, योग मात्र लक्षांत ठेवण्याजोगा आहे. लस, स्वच्छता व रुग्णालयांतील बाळंतपणें ह्या तिन्हींच्या योगानें २०१५ सालीं भारतांतून माता व नवजात यांच्या धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें मान्य करण्यांत आलें. ह्या यशांत साबण व पातें हातीं धरणाऱ्या दाईचा वाटा आहे.

आतां मुख्य मुद्दा. अशा दाईस प्रश्न विचारून तिचें उत्तर बरोबर कीं चूक हें ठरविणारा परीक्षक आपल्याजवळच्या पुस्तकाशीं तें ताडतो. पण त्या पुस्तकाच्याही आवृत्त्या आहेत. गर्भिणीनें लोहाच्या गोळ्या किती दिवस घ्याव्या? १९७० च्या योजनेंत ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी १०० दिवस. पुढें मात्रा १०० मिलिग्रॅम झाली. दिवसही पुढें १८० झाले. आणि २०१८ पासून मात्रा पुन्हां ६० मिलिग्रॅमवर आली. धनुर्वाताची लस पूर्वीं एकटी दिली जाई, २०१९ च्या सुमारास तिच्या जागीं घटसर्पासह संयुक्त लस आली. एखाद्या वृद्ध दाईनें 'शंभर दिवस' असें उत्तर दिलें तर तें अज्ञान नव्हे. ती जुन्या प्रतीचा पाठ शुद्ध म्हणत आहे. परीक्षकानें तिचा गुण कापण्यापूर्वीं तिचें प्रमाणपत्र कोणत्या सालचें हें पाहिलें पाहिजे.

याहून मौजेचें उदाहरण नाळेचें आहे. देशाच्या अनेक भागांत जुन्या दाया वार पडेपर्यंत नाळ कापीत नसत. शिक्षणवर्गांत ही रीत चुकीची म्हणून सोडावयास लाविली गेली. २०१२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें नाळ जन्मतांच न बांधतां १ ते ३ मिनिटांनीं बांधावी असें सांगितलें, कारण तेवढ्या वेळांत बाळास वारेंतून अधिक रक्त पोहोंचतें. म्हणजे दाईचा मूळ पाठ अर्धा खरा होता, व तो खोडणारा शोधक अर्धा चुकला होता. अर्धा म्हणण्याचें कारण असें कीं, न रडणाऱ्या बाळास जागें करण्यासाठीं कित्येक ठिकाणीं वार शेकीत बसत. त्यांत जी मिनिटें जात तीं त्या बाळास परवडणारीं नव्हतीं. नाळेस कांहीं लावूं नये हा नियम पाहावा, तर २०१३ सालच्या शिफारशींत जेथें नवजातांचे मृत्यु फार आहेत तेथें घरीं जन्मलेल्याच्या नाळेस क्लोरहेक्झिडीन लावावें असा अपवाद आला. उकिडवें बसून प्रसूत होण्याची चाल रुग्णालयांनीं मोडून काढली होती. २०१८ सालीं त्याच संघटनेनें स्त्रीस सोईची वाटेल ती स्थिति घेऊं द्यावी असें म्हटलें. आणि चिकाच्या दुधाविषयीं? सुश्रुताच्या मतें दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशीं उतरतें, म्हणून तोंवर मध-तूप. चरक मात्र मध-तुपाचें चाटण देऊन लगेच उजवा स्तन द्यावयास सांगतो. चीक टाकून देण्याची लोकरूढि पहिल्या पाठाजवळची आहे, तासाभरांत पाजावें हें आधुनिक मत दुसऱ्याजवळचें. येथें तडजोड नाहीं : चीक टाकणें हें बाळाच्या हिताविरुद्ध आहे, आणि ह्या प्रश्नावर सुश्रुताचें नांव घेणाऱ्या दाईसही गुण देतां येणार नाहींत.

अंबरनाथच्या देवालयांतील शिलालेख ह्या ठिकाणीं सहजच आठवतो. त्याचा शक प्रथम ७८२ असा वाचला गेला व पुढें तो ९८२ ठरला. दगड तोच, अक्षरें तींच, वाचनांत दोनशें वर्षांचें अंतर! दगडाविषयीं आपण जी सावधगिरी बाळगतों ती जिवंत माणसाच्या उत्तराविषयीं बाळगूं नये असें थोडेंच आहे?

तीन गांवांची भूमीही एकसारखी नाहीं, म्हणून एकच प्रश्नावलि तिन्हींकडे सारखी चालणार नाहीं. उल्हासनगर हें युद्धकाळांतील लष्करी छावणीच्या जागेवर सिंधी निर्वासितांनीं वसविलेलें; त्यास हें नांव १९४९ सालीं मिळालें. तेथील गल्लीस आजही क्यांपाच्या क्रमांकानें ओळखतात, घरोघरीं सिंधी व हिंदी बोलतात, आणि सरकारी मध्यवर्ती रुग्णालय गांवांतच आहे. अंबरनाथ कारखान्यांचें गांव, तेथें देशोदेशींचे कामगार. बदलापूरच्या मागें बारवी धरणाकडे वळलें कीं ठाकूर व कातकरी यांचे पाडे लागतात, आणि तेथें पावसाळ्यांत पायवाट हीच वाट. प्रसूतीनंतर अतिशय रक्तस्राव झाल्यास उपचारावांचून स्त्री सुमारें दोन तासांत दगावते, असा हिशेब ह्या विषयांतले जाणते देतात. अडलेल्या बाळंतपणांत सुमारें तीन दिवस मिळतात, जंतुदोषांत सहा. भारताच्या २००१ ते २००३ च्या नमुना नोंदणींत मातृमृत्यूंपैकीं ३८ टक्के रक्तस्रावानेंच झालेले आढळले. तेव्हां 'रक्त फार गेल्यास काय कराल?' ह्या प्रश्नास 'दवाखान्यांत नेऊं' हें उत्तर उल्हासनगरांत पुरें आहे. पाड्यावर तें अपुरें आहे. तेथें पुढें विचारलें पाहिजे : कोणाच्या गाडीनें, रात्रीं कोणास उठवून, किती रक्त गेल्यावर निघणार, आणि सासू नाहीं म्हणाली तर? चरकाची प्रतिपत्ति तपासावयाची ती ह्या प्रश्नांनीं.

शब्दांनीं विचारूं नये, हातांनीं विचारावें, हेंही आम्ही आग्रहानें म्हणतों. चाळीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्यावर आम्हांस एवढें कळलें कीं, व्याकरणाचें सूत्र घडाघडा म्हणणारा विद्यार्थी शब्द चालवितांना अडखळतो, आणि उलटही घडतें. निरक्षर दाईस 'रक्तदाबाचीं धोक्याचीं लक्षणें सांगा' म्हटल्यास ती गप्प बसेल. पण तोंडावर सूज, डोकें ठणकणें, डोळ्यांपुढें अंधारी, अशी बाई समोर आल्यास काय समजतां, असें पुसल्यास तीच बाई 'हिला झटके येतील, लगेच हलवा' म्हणेल. नाळ बांधण्याची परीक्षा सुतळीच्या तुकड्यावर घ्यावी, हात धुण्याची परीक्षा खरोखर हात धुववून घ्यावी. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांत गांवच्याच स्त्रियांस नवजाताची घरीं काळजी घेण्यास शिकविलें आणि त्यांच्या शिक्षणाचें माप किती बाळें वांचलीं ह्यावर घेतलें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत नवजातांचे मृत्यु, तुलनेस घेतलेल्या गांवांच्या मानानें, तिसऱ्या वर्षीं ६२ टक्क्यांनीं घटल्याचें दिसलें. उत्तरपत्रिकेहून ही कसोटी कठीण, पण निर्विवाद.

२००४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें व सुइणी आणि प्रसूतितज्ज्ञ यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीं 'कुशल प्रसूतिसाहाय्यक' याची जी व्याख्या केली तींत पारंपरिक दाई, ती शिकलेली असो वा नसो, बसत नाहीं. २००५ मध्यें जननी सुरक्षा योजना निघाली, रुग्णालयांत बाळंत होणाऱ्या स्त्रीस पैसे मिळूं लागले, आणि गांवांत आशा कार्यकर्ती आली. महाराष्ट्रांत रुग्णालयांतील बाळंतपणांचें प्रमाण २००५-०६ सालीं ६४.६ टक्के होतें, तें २०१५-१६ सालीं ९०.३ व २०१९-२१ च्या पाहणींत ९४.७ झालें. मातृमृत्यूंचें प्रमाण २०१८-२० मध्यें लाखामागें ३३ वर उतरलें. हा पालट इष्टच आहे. त्याबद्दल हळहळणाऱ्यांनीं भोर समितीचे आंकडे एकदां पुन्हां वाचावे. पण उरलेल्या पांच टक्क्यांची स्त्री कोठें आहे? ती बहुधा वाट नसलेल्या पाड्यावर आहे, आणि तिच्याजवळ बसलेल्या बाईस काय येतें हें विचारणें सरकारी कागदांच्या दृष्टीनें अनावश्यक झालें आहे. व्याख्येंतून वगळलेल्या मनुष्याची परीक्षा कोण घेणार?

शिकलेल्या दायांची ती पिढी आतां सरत आली आहे. तिचे कागद मात्र अजून हातीं लागण्यासारखे आहेत, आणि ते जुने नसल्यामुळें कोणी जपून ठेवीत नाहीं. अंगठ्याचा ठसा असलेलें प्रमाणपत्र, उपकेंद्रांतील बाळंतपणांची नोंदवही, दहा रुपयांच्या पावत्या, वर्गांत वाटलेलीं चित्रांचीं पुस्तकें, पेटीबरोबर दिलेली सामानाची यादी, हें सारें साधन आहे. ज्या सालचें चित्रपुस्तक मिळेल त्या सालीं 'बरोबर उत्तर' कोणतें मानीत हें त्यावरून निश्चित होईल. नोंदवहीवरून त्या बाईनें प्रत्यक्ष काय केलें तें कळेल. ठाणें जिल्ह्यांतील, विशेषतः कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर व मुरबाड ह्या बाजूच्या वाचकांच्या घरीं वा ओळखींत असे कागद असल्यास त्यांनीं मूळ प्रत न पाठवितां तिची छायाप्रत मंडळाकडे धाडावी. नोंदवह्यांतील बाळंतिणींचीं नांवें मात्र झांकून टाकावीं, आणि कागद ज्या दाईचा असेल तिची अनुमति आधीं घ्यावी. ती हयात असल्यास तिच्या तोंडून शिक्षणाचें साल व शिकविणाऱ्या परिचारिकेची रीत विचारून कागदाच्या पाठीवर लिहून ठेवावी.